गाडीचा उपास

स्तेर्ग्योसच्या टॅक्सीचा मागचा दरवाजा उघडला की आधी वास बाहेर येतो. मेंढीच्या लोकरीचा, बसून गेलेल्या माणसांच्या घामाचा आणि आरशाला टांगलेल्या, चर्चमधून आणलेल्या तुळशीच्या वाळक्या जुडीचा. मागच्या बाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं फ्लोकाती अंथरलेली असते. लांब केसांचं जाड लोकरी अंथरूण, त्याच्या आईनं डोंगरातल्या घरी विणलेलं. विणलं तेव्हा ते पांढरं होतं म्हणतात. आता त्याचा रंग सांगायला माझ्याकडे शब्द नाही, आणि ते मांडीला कसं चिकटतं ते लिहायची इच्छा नाही. जानेवारीत ठीक आहे. पण ऑगस्टात, आमच्या ग्रीसमधल्या लारिसाच्या मैदानात, जिथं दुपारी कबुतरंसुद्धा उडायचा कंटाळा करतात, तिथं हा माणूस आजारी म्हाताऱ्यांना लोकरीवर बसवतो आणि वर सांगतो, सीट खराब होत नाही.

पण त्याच्याबद्दल लिहायचंच तर नीट लिहावं.

स्तेर्ग्योस मेंढपाळाचा मुलगा. उन्हाळ्यात डोंगर, हिवाळ्यात आमचं मैदान, असं त्याच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. बाप गेला तसा त्यानं कळप विकला, आमच्या तिर्नावोसमध्ये टॅक्सीचा परवाना घेतला आणि लग्न करून इथलाच झाला. मेंढ्या गेल्या, मेंढपाळ राहिला. सकाळी गाडीच्या छपरावर तो मेंढीच्या पाठीवर थोपटावं तसं थोपटतो, काचा पुसताना तिच्याशी पुटपुटतो. त्याची बायको लूला म्हणते, माझ्याशी एवढं बोलला असता तर मी बहिरी झाल्याचं सोंग तरी घेतलं नसतं.

चर्चच्या समितीत तो आहे. रविवारी दानाची थाळी तोच फिरवतो आणि मेणबत्त्या रोवायची वाळूची परातही तोच सांभाळतो. माणूस मेणबत्ती लावून पाठ फिरवतो न फिरवतो तोच स्तेर्ग्योस दोन बोटांनी ज्योत चिमटतो आणि मेणबत्ती खालच्या डब्यात टाकतो, पुन्हा वितळवायला. माझ्या सासूबाईंनी सासऱ्यांच्या नावानं लावलेली मेणबत्ती त्या मूर्तिचित्राला ओठ लावून मागे वळेपर्यंत विझलेली होती. मी बोलले, तर म्हणाला, देवानं पाहिली ना, आता जळून काय करायचंय तिनं.

हेही लिहायला हवं की तो लबाड नाही. मीटर फिरवत नाही, गाडीत राहिलेली पिशवी घरी आणून देतो, आणि सासूबाईंना पायऱ्या चढवेनात तेव्हा त्यानं त्यांना लेकासारखं हातांवर उचलून वर आणलं आहे. घाम पुसला, पाणीसुद्धा मागितलं नाही. असा माणूस असा का वागतो हे मला अजून कळलेलं नाही.

आणि तो आमचा कुंबारोस आहे, आमच्या लेकीचा धर्मपिता; मला तो कुंबारा म्हणतो. आमच्या धाकटीला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून त्यानंच वर उचललं, तेलाचा हात लावला, नाव दिलं. आमच्याकडे सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला धरता येतो, कुंबारोसशी नाही. गावभर होतं. म्हणून सासूबाईंना डायलिसिसला न्यायची वेळ आली तेव्हा टॅक्सी कोणाची हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

सासूबाईंचं नाव असिमिना. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा लारिसाला जायचं, यंत्राला जोडून पडून राहायचं आणि दुपारी टळटळीत उन्हात परत यायचं. नेण्याआणण्याचं विमा बघतो, फेरीमागे ठरलेलं देतो, मग गाडी गार असो की तापलेली. मी बरोबर जाते, कारण परतताना त्यांचा रक्तदाब पार खाली जातो, ओठ पांढरे पडतात, आणि मान धरायला कोणीतरी लागतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: यंत्रावरून उठलेल्या बाईला उकाड्यात ठेवू नका, एक दिवस डोळे मिटेल ती उघडायची नाही. माझा नवरा अखिलेआस तेव्हा शेजारीच उभा होता. तो दुग्धालयाच्या शीतगृहात कामाला आहे, दिवसभर चीजच्या पिंपांमध्ये स्वेटर घालून. उकाडा त्याला बातम्यांत कळतो.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग स्तेर्ग्योसनं हायब्रीड घेतली.

तिच्या पुढच्या पडद्यावर एक आकडा दिसतो, शंभर किलोमीटरला किती लिटर पेट्रोल. बाकीचे लोक गाणी ऐकतात, हा तो आकडा बघतो. चौकातल्या टॅक्सीच्या रांगेत सगळे हायब्रीडवाले एकमेकांना आकडे दाखवतात, फोनवर काढलेले फोटो, जसे आपण नातवंडांचे दाखवतो. स्तेर्ग्योसचा आकडा चारच्या खाली होता. रांगेत कोणाचाच नव्हता. उतारावर पाय उचलायचा, सिग्नल लांबून दिसला की गाडी सोडून द्यायची, ब्रेक लोण्यासारखा दाबायचा. हे सगळं त्यानं असं शिकून घेतलं की लूला म्हणाली, आता चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहतो तोही बॅटरीवर.

जून लागला आणि आकडा चढला.

कारण त्यानं मला स्वतःच समजावलं, आरशातून माझ्याकडे बघत. साध्या गाडीत एसी इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, तिथं एसी लावला काय, न लावला काय, फार कळत नाही. हायब्रीडमध्ये एसी मोठ्या बॅटरीवर चालतो. गाडी सिग्नलला उभी राहिली, इंजिन झोपलं, तरी एसी बॅटरी पीतच राहतो. बॅटरी खाली गेली की इंजिनाला उठावं लागतं, चाकं फिरवायला नव्हे, नुसती तिला पाजायला. 

"म्हणजे कुंबारा, तुम्ही मागे थंड बसता आणि माझी गाडी उभ्याउभ्या पेट्रोल पिते," तो म्हणाला. "विनाकारण."

मी विचारलं, मग खिडक्या उघडू का. तर गावात दोन बोटं उघडा म्हणाला, आणि मोठ्या रस्त्याला लागलं की बंद करा. वेगात खिडकी उघडी असली की वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो, तेही पेट्रोलच. ही दोन्ही कारणं खरी असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्या दोन खऱ्या कारणांच्या मध्ये एक म्हातारी लोकरीवर बसून उकडत होती, आणि ते कारण त्याच्या पडद्यावर कुठं उमटत नव्हतं.

जुलैभर आम्ही भांडून भांडून एसी मिळवला. मी म्हणायचे लाव, तो लावायचा, पुलापर्यंत. पुलावर बंद. मी पुन्हा म्हणायचे. सासूबाई मध्ये पडायच्या, राहू दे गं सूनबाई, त्याचं पोट त्यावर आहे. त्याचं पोट, हे त्यांनी म्हणावं, ज्यांना दिवसाला मोजून अर्धा तांब्या पाणी प्यायची परवानगी.

ऑगस्ट लागला तसा पानागियेचा उपास लागला. पंधरा तारखेला पवित्र मातेचा सण, तोवर मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, शनिवार-रविवार सोडून तेलही नाही. मी घरात भेंडी, चवळी, कलिंगड यांवर सगळ्यांना ठेवते. सासूबाईंना उपासाची मनाई आहे, आमचे पाद्री पापा-थिमिओस यांनीच घरी येऊन सांगितलं होतं, आजारी माणसाचं औषध हाच त्याचा उपास. तरी त्या मनातून झुरतात. आयुष्यभर धरलेला उपास म्हातारपणी सुटला याची त्यांना लाज वाटते.

एक तारखेच्या संध्याकाळी प्रार्थना संपली, आम्ही बायका अंगणात उभ्या होतो, आणि स्तेर्ग्योस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यंदा माझी गाडीपण उपास धरणार. पंधरा दिवस एसी नाही. जिव्हेला नाही तर देहाला तरी थोडं सोसू दे, पानागियेसाठी."

बायकांनी छातीवर क्रूस केला. दोघी तर म्हणाल्या, बघा, तरुणांना हे सुचलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथं लाज नव्हती, लबाडीही नव्हती. स्वतःचंच त्याला पटलं होतं.  चर्चच्या अंगणात, पवित्र मातेचं नाव घेऊन, त्यानं चारच्या खालचा आकडा मागितला होता.

सगळ्यात वाईट म्हणजे सासूबाई उजळल्या. घरी येताना माझा दंड धरून म्हणाल्या, मला खाण्याचा उपास नाही ना, मग हा माझा. मी त्याच्या गाडीत बसून धरीन. तू मध्ये येऊ नकोस.

मी म्हटलं, "आई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?"

"डॉक्टरीणबाई पोरगी आहे," त्या म्हणाल्या. "पानागियेला मी लहानपणापासून ओळखते."



पहिल्या फेरीपासूनच काहीतरी बिनसलं. आम्ही बसलो की मागच्या बाकाच्या कडेतून, माझ्या पायाजवळून, केस वाळवायच्या यंत्रासारखा घोंगावणारा आवाज यायला लागला. गाडी चढावर धापा टाकू लागली. पूर्वी मांजरीसारखी निघणारी गाडी आता सिग्नललाही इंजिन चालू ठेवून घुरघुरत उभी. आणि एसी बंद असूनही आकडा उतरेना, उलट चढला. चार, मग साडेचार, मग पाचाला टेकला. स्तेर्ग्योसचा चेहरा बघवेना. त्याला वाटलं कुठंतरी ओझं जास्त होतंय. त्यानं जादाचं चाक काढून घरी ठेवलं. मग डिकीतली अवजारं काढली. मग मला म्हणाला, कलिंगड बाजारातून आणू नका माझ्या गाडीत, ते दुसऱ्या कोणाकडून आणा.

मग बुधवारी त्यानं जे विचारलं ते माझ्या हयातीत मी विसरणार नाही. सासूबाईंना आम्ही दोघांनी धरून बाकावर बसवलं. त्यांचा हात, जिथं सुया टोचतात तो, पट्टीत गुंडाळलेला. तोंडावर घाम, डोळे अर्धे मिटलेले. आणि हा पुढे बसून, गाडी चालू करायच्या आधी, मागे वळून म्हणाला, "कीरा-असिमिना, आज किती पाणी काढलं?"

"दोन किलो म्हणाले बाळा," त्या म्हणाल्या.

"वा, जाताना दोन किलो हलकी," तो हसला. "रोज एवढं काढलं तर माझा आकडा सुधारेल."

सासूबाई पण हसल्या, खरंच हसल्या. मी खिडकीकडे तोंड केलं. माझ्या तोंडात लाळ गोळा झाली होती, आणि ती खाली पायाशी थुंकावीशी वाटत होती.

त्या संध्याकाळी मी पापा-थिमिओस यांच्याकडे गेले. ते प्रार्थनेची पोथी मिटत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, उपास माणसाचा असतो, लोखंडाचा नाही. आणि दुसऱ्याच्या अंगावर धरायचा तर मुळीच नाही. मी बोलतो त्याच्याशी. ते बोलले हे मला माहीत आहे, कारण शुक्रवारी स्तेर्ग्योस आम्हाला न्यायला आला तेव्हा एसी चालू होता. पापांचं घर आमच्याच रस्त्याला आहे. ते अंगणात वेलीला पाणी घालत होते. स्तेर्ग्योसनं काच खाली केली, गार हवेसकट वाकून त्यांचा आशीर्वाद घेतला, काच वर केली, आणि पुढच्या कोपऱ्यावर एसी बंद केला.

"पापांचा मान ठेवला," तो म्हणाला. "आता उपास."

अखिलेआसला मी रात्रीच्या जेवणावर सांगितलं की मी दुसरी गाडी बघते. त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. म्हणाला, सण होऊ दे. सणाच्या तोंडावर कुंबारोसशी तोडलं तर लोक म्हणतील आपण आपल्या पोरीचा बाप्तिस्मा परत केला. पंधरा तारखेनंतर मी स्वतः बोलतो. थोडेच दिवस आहेत. मी म्हटलं, थोडेच दिवस तुझ्या आईचे आहेत. तो उठून बाल्कनीत गेला. तो वाईट नाही, भित्रा आहे, आणि नात्यात भित्रं असण्याला आमच्याकडे शहाणपण म्हणतात.

मग सणाआधीचा शेवटचा सोमवार उजाडला.

परतीच्या वाटेवर, लारिसा सोडल्यावर, दोन्ही बाजूंना कापूस आणि मक्याची शेतं. हवा रस्त्यावर थरथरत होती. खिडक्या बंद, एसी बंद, फ्लोकाती मांड्यांखाली भाजलेल्या कुत्र्यासारखी. माझ्या पायाजवळचा आवाज आता घोंगावत नव्हता, किंचाळत होता. सासूबाईंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. त्या पुटपुटत होत्या, पानागिया, पानागिया. मग पुटपुटणं थांबलं.

मी म्हटलं, "स्तेर्ग्यो, एसी लाव. आत्ता लाव."

"थांबा जरा," तो म्हणाला. तो पडद्याकडे बघत होता. पडद्यावर लाल त्रिकोण पेटला होता. गाडीचा दम गेला, इंजिन नुसतं गर्जत राहिलं आणि चाकं ओढेनात. त्यानं ती कडेला घेतली. मी सासूबाईंचा चेहरा वर केला. तो राखेसारखा होता, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं, आणि त्यांना उमासे येत होते.

तेव्हा तो मागे वळला. त्यानं आधी सासूबाईंना पाहिलं, मग बाकाला.

"कुंबारा," तो म्हणाला, "ओकायचं असेल तर त्यांना बाहेर धरा. फ्लोकाती आईच्या हातची आहे."

मी दार लाथेनं उघडलं, सासूबाईंना काखेत धरून ओढलं आणि पलीकडच्या पॉप्लरच्या झाडाच्या सावलीत गवतावर आडवं केलं. पाय माझ्या पर्सवर उंच ठेवले. शेतात पाणी मारायचं फिरतं यंत्र चालू होतं, त्याच्या फवाऱ्याखाली रुमाल भिजवून त्यांच्या मानेवर ठेवला, कपाळावर ठेवला. ओठ ओले केले. तो तिकडे गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. मी ओरडून म्हटलं, रुग्णवाहिका बोलाव. त्यानं फोन काढला. मला नंतर कळलं, आधी गॅरेजला लावला होता.

रुग्णवाहिकेच्या आधी कलिंगडवाली आली. एक जुनाट पिकअप, मागे कलिंगडांचा डोंगर, वर भोंगा. बाई माझ्याच वयाची, नवरा शेजारी झोपलेला. तिनं गाडी थांबवली, खाली उतरून सासूबाईंच्या गालावर हात ठेवला आणि नवऱ्याला लाथ मारून मागे कलिंगडांवर पाठवलं. आम्ही दोघींनी सासूबाईंना पुढे चढवलं. आत एसी एवढा होता की माझे दात वाजले. ती गाडी पेट्रोल दारुड्यासारखी पीत असणार, तिला पर्वा नव्हती. भोंग्याचं बटण अडकलेलं होतं, बंद होईना, म्हणून तिर्नावोसच्या आरोग्यकेंद्रापर्यंत आम्ही गावभर ओरडत गेलो: कापून देते, लाल निघालं नाही तर फुकट. सासूबाईंनी अर्ध्या वाटेत डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारलं की लाल निघालं का.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, जपून थोडं सलाईन लावलं, आणि म्हणाले की अजून थोडा वेळ त्या गाडीत गेला असता तर मला काही करता आलं नसतं. संध्याकाळी घरी सोडलं. कलिंगडवाली नाव न सांगताच निघून गेली होती. मी रोजच्या प्रार्थनेत तिला "पिकअपवाली" म्हणूनच घालते. देवाला कळत असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. टेबलावर भात भरलेल्या टोमॅटोंचं तबक. स्तेर्ग्योस आला. डोळे सुजलेले. मला वाटलं, लाज वाटली असेल, रडला असेल. त्यानं खुर्ची ओढली आणि हातातली प्लास्टिकची पिशवी टोमॅटोंच्या शेजारी ठेवली.

गॅरेजवाल्यानं गाडी उघडली होती. मागच्या बाकाच्या कडेला, आम्ही बसतो तिथं, एक जाळीचं तोंड असतं. त्यातून बॅटरी आतल्या पंख्यानं गाडीतली हवा ओढते आणि स्वतःला गार ठेवते. ते तोंड फ्लोकातीखाली झाकलेलं होतं. वर एसी बंद, म्हणजे जी काही हवा लोकरीतून झिरपत होती तीही भट्टीतली. गरम झालेली बॅटरी काम करायचं नाकारते, सगळं ओझं पेट्रोलच्या इंजिनावर पडतं, म्हणून आकडा चढत होता. तो जेवढा उपास धरत होता, तेवढी गाडी जास्त पीत होती. पंख्यातून गॅरेजवाल्यानं जे उपसलं ते या पिशवीत होतं. पिशवी त्यानं उघडली. करड्या लोकरीचा मुठीएवढा गोळा, त्यात केस, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, खोकल्याच्या गोळीचा कागद, काहीतरी चिकट. मेलेल्या उंदरासारखा. माझ्या धाकटीनं तोंडावर हात धरला आणि उठून गेली.

"बॅटरी गेली," स्तेर्ग्योस म्हणाला.  "बिचारीला श्वास घेता येत नव्हता. मागून ओरडत होती, आणि मला कळलं नाही."

सासूबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. पट्टीवाला हात.

मी म्हटलं, "आणि मागे बसली होती ती?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला खरंच कळलं नाही. "कोण?"

 मग अखिलेआस उठला.  पिशवी त्यानं गाठ मारून स्तेर्ग्योसच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "कुंबारे, माझी आई मेली असती काल. तू घरी जा. उद्यापासून ती तुझ्या गाडीत बसणार नाही."

लग्नाला एकवीस वर्षं झाली, त्याच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. स्तेर्ग्योस गेला. जाताना त्यानं सासूबाईंची क्षमा मागितली, पण कशाबद्दल ते त्याला नीट ठाऊक नसावं; सणाच्या आधी सगळेच सगळ्यांची मागतात.

पुढचा महिनाभर आम्ही दुसऱ्या टॅक्सीनं गेलो. तो माणूस बोलत नव्हता, एसी बिनतक्रार लावत होता, आणि सासूबाईंना तो आवडला नाही. पायऱ्यांवर हात देत नाही, म्हणाल्या. माझं नाव विचारत नाही. गावातही व्हायचं ते झालं. चर्चमध्ये बायका माझ्याशी बोलताना शब्द चोरू लागल्या. सगळा गाव स्तेर्ग्योसच्या बाजूचा. म्हणे, बिचाऱ्याची बॅटरी गेली, वर कुंबारोसनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, घरातून काढलं. एका रविवारी सासूबाई प्रार्थनेनंतर सरळ त्याच्याकडे गेल्या आणि माझ्यादेखत म्हणाल्या की सोमवारी तू ये. अखिलेआसनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आई त्याची, मूत्रपिंडं तिची. मी एवढंच म्हटलं की एसी बंद झाला तर मी रस्त्यातच दार उघडून उतरेन, आईंना घेऊन.

"बंद?" स्तेर्ग्योस म्हणाला, आणि माझ्या अडाणीपणाचं त्याला वाईट वाटलं. "कुंबारा, आता बंद कसा करीन? नवी बॅटरी आहे. गॅरेजवाला म्हणाला, आत बावीसवर ठेव, नाहीतर तिला त्रास होतो."

तर आता आम्ही गार जातो. फ्लोकाती गेली, लूलानं ती कोंबड्यांच्या खुराड्यात टाकली. बाकाच्या कडेची जाळी तो रोज ब्रशनं झाडतो. आम्हाला न्यायला यायच्या आधी गाडी सावलीत लावून दारं उघडी टाकतो, कोंडलेली गरम हवा जाऊ देतो, मग एसी लावतो. असं केलं तर कमी पेट्रोल लागतं, तेही त्यानं शिकून घेतलं आहे. सासूबाई आत बसल्या की समाधानानं डोळे मिटतात आणि म्हणतात, किती जपतो गं आपल्याला.  त्या जिवंत आहेत, त्यांचे ओठ परतताना गुलाबी असतात, आणि यासाठी मी पानागियेपुढे रोज गुडघे टेकते. पण त्या गारव्यात बसले की मी बाकाच्या कडेच्या त्या जाळीकडे बघते. तो गारवा आमच्यासाठी नाही. आम्ही त्या बॅटरीच्या वाटणीची हवा श्वासात घेतो, एवढंच.

आकडा आता पाचाच्या वर असतो. रांगेत तो कोणाला दाखवत नाही. पडद्याच्या त्या कोपऱ्यावर त्यानं पानागियेचं एक छोटं कागदी चित्र चिकटवलं आहे, बरोबर आकड्यावर. सासूबाई गाडीत बसताना त्याला बघून क्रूस करतात. मीही करते. कुठं चिकटवलं यात तिचा काय दोष.